हुकूम उठवायचा कोणी?

व्रण हा शब्द आपल्या भाषेत मानाने वावरत आला आहे. लढवय्याच्या छातीवरील व्रण त्याच्या वंशजांनी अभिमानाने सांगावेत, लहानपणी आंब्यावरून पडल्याची गुडघ्यावरील खूण म्हाताऱ्याने नातवंडांना कौतुकाने दाखवावी, हा आपला रिवाज. व्रण म्हणजे जखम भरून आल्याची पावती, एवढाच अर्थ आपण त्यास देतो आणि त्वचेपुरता तो खराही आहे. परंतु शरीराच्या आत, जेथे आपली दृष्टी पोहोचत नाही तेथे, हे भरून येणेच कधी कधी घातक ठरते. यकृतासारख्या मऊ, रक्ताने भरलेल्या अवयवात व्रणावर व्रण साचू लागले म्हणजे तो अवयव हळूहळू कठीण होतो, आक्रसतो आणि शेवटी आपले काम सोडून देतो. हे जेव्हा दोन-तीन महिन्यांच्या अर्भकाच्या पोटात घडते, तेव्हा 'बरे होणे' या शब्दांचा अर्थच पुन्हा तपासून पाहावा असे वाटू लागते.

विषय वैद्यकाचा आणि आम्ही कायद्याचे पदवीधर. तेव्हा यात आमचा अधिकार काय, असे वाचकांनी विचारणे रास्त आहे. अधिकार काहीच नाही. निमित्त मात्र आहे. बेळगावजवळच्या एका खेड्यातील आमचे एक अशील वाटणीच्या दाव्याकरिता नेहमी आमच्याकडे येत. एके दिवशी ते जमिनीच्या उताऱ्यांऐवजी रुग्णालयाच्या कागदांची पिशवी घेऊन आले. त्यांची नात तीन महिन्यांची होती आणि जन्मापासून तिची काविळ हटली नव्हती. पहिल्या महिन्यात एका डॉक्टरांनी 'कोवळे ऊन दाखवा, जाईल' असे सांगितले. दुसऱ्या महिन्यात गावातील एका जाणत्याने तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. तिसऱ्या महिन्यात पोट फुगले, तेव्हा तिला मोठ्या रुग्णालयात नेण्यात आले. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीचा जो कागद त्या पिशवीत होता, त्यावर एका शब्दाखाली शाईने रेघ ओढलेली होती. त्या शब्दाचा अर्थ व्रणतंतूंची दाट वाढ. म्हाताऱ्याने आम्हांस एकच प्रश्न विचारला : "वकीलसाहेब, ह्यात गुन्हा कुणाचा?"

फिर्याद कोणावर लावावयाची हे सांगण्यावर आमचा चरितार्थ चालतो. तरी त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे ते शोधण्याच्या नादात आम्ही डॉक्टर स्नेह्यांना विचारून, त्यांनी दिलेले ग्रंथ चाळून जे काही समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

त्या मुलीच्या रोगास वैद्यकात 'बिलिअरी अट्रेशिया' म्हणतात. यकृतात तयार होणारे पित्त आतड्यात वाहून नेणाऱ्या नलिका जन्माच्या सुमारास सुजतात, बुजतात आणि नाहीशा होतात. पाश्चात्त्य देशांत दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकास हा रोग होतो. तैवानसारख्या काही पूर्वेकडील प्रदेशांत त्याचे प्रमाण अधिक आहे. वाट बंद झालेले पित्त यकृतातच तुंबते. काविळीचा पिवळा रंग त्वचेत आणि डोळ्यांत उतरतो, लघवी गडद होते आणि पित्त आतड्यात न पोहोचल्यामुळे शौचाचा रंग फिका, खडूसारखा पांढुरका होतो. उपचार न झाल्यास बहुतेक मुले दोन-तीन वर्षांच्या आतच दगावतात. त्यांचा प्राण काविळीचा पिवळेपणा घेत नाही. तुंबलेल्या पित्ताने यकृताला होणारी इजा आणि त्या इजेवर चढणारे व्रण घेतात.

आता हे व्रण घालतो कोण? यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कुप्फर याने १८७६ साली त्या प्रथम पाहिल्या. पुढे त्यांच्या ओळखीविषयी बराच घोळ झाला आणि १९७१ साली जपानमधील केन्जिरो वाके यांनी तो निस्तरला. निरोगी यकृतात या पेशी कोठीच्या कारभाऱ्यासारख्या असतात. शरीरातील 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा साठा सांभाळीत त्या गप्प बसून राहतात. परंतु शेजारी इजा झाल्याची वर्दी पोहोचली की त्यांचे रूप पालटते. त्या आपला साठा टाकून देतात, लांबट होतात आणि कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंच्या भिंती बांधू लागतात. कारभाऱ्याचा असा गवंडी होतो. पित्तनलिकांभोवतीच्या दुसऱ्या काही पेशीही या बांधकामात सामील होतात. हे सारे ज्या वर्दीने घडते, ती पोहोचविणारे एक संदेशवाहक प्रथिन आहे. शास्त्रज्ञ त्यास 'टीजीएफ-बीटा' म्हणतात. असे संदेशवाहक अनेक आहेत; परंतु व्रणाच्या कामी याचा शब्द अखेरचा मानला जातो.

या प्रथिनाची कार्यपद्धती आमच्यासारख्या कचेरीच्या माणसास फार ओळखीची वाटली. पेशीतून बाहेर पडते तेव्हा ते मोकळे नसते. त्याच्याच मूळ साखळीचा एक भाग त्यास लखोट्यासारखा गुंडाळून असतो आणि तो लखोटा फुटेपर्यंत त्या हुकुमाची अंमलबजावणी होत नाही. ऊतींमध्ये असे मोहोरबंद हुकूम नेहमीच पडून असतात. इजा झाली म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने तो लखोटा खेचून फोडतात. पित्तनलिकांच्या इजा झालेल्या पेशींवर या जातीचे एक इंटिग्रिन विशेष वाढते. मोकळा झालेला हुकूम गवंडी-पेशीच्या दारावरील ग्राहकास चिकटतो. तेथून 'स्मॅड' नावाची प्रथिने तो आत केंद्रकापर्यंत नेतात आणि कोलॅजन तयार करणारी जनुके कामाला लागतात. हुकूम आवरण्याची तरतूदही आहे. याच कुळातील सातव्या क्रमांकाचे स्मॅड या कामाला लगाम घालते. सामान्य जखमेत म्हणूनच सारे रीतसर पार पडते : इजा, हुकूम, बांधकाम, हुकूम मागे आणि शेवटी जास्तीच्या बांधकामाची मोडतोड.

या बालकांच्या यकृतात बिघडते ते शेवटचे पाऊल. पित्त तुंबलेलेच राहते, इजा रोज नव्याने होते आणि हुकूम रोज नव्याने सुटतो. शिवाय आणखी एक विपरीत गोष्ट घडते. लखोटा फोडण्यास खेच लागते आणि ऊती जितकी कठीण तितकी ती खेच अधिक परिणामकारक होते. म्हणजे व्रणाने कठीण झालेले यकृत नवे हुकूम सोडण्यास स्वतःच मदत करू लागते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मालमत्तेवर तात्पुरता रिसीव्हर नेमावा, दावा वर्षानुवर्षे तुंबावा आणि अखेर मालमत्ता रिसीव्हरच्या खर्चातच संपावी, असे प्रकार आमच्या कोर्टांस अपरिचित नाहीत. रिसीव्हर लबाड असतो असे नव्हे. त्याची नेमणूक संपविणारा हुकूमच कोणी काढलेला नसतो.

येथे आमचा धंद्याचा स्वभाव जागा होतो. या प्रथिनावर आरोप ठेवणे सोपे आहे, पुरावा काय? पुरावे तीन प्रकारचे आहेत. पहिला, घटनास्थळी हजेरीचा. १९९८ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील संशोधकांनी या रोगाच्या बालकांच्या यकृताचे तुकडे तपासले. त्यांत पित्तनलिकांच्या व यकृताच्या पेशींत हे प्रथिन आणि जवळच कोलॅजन तयार करणाऱ्या तारापेशी त्यांस आढळल्या. दुसरा पुरावा सामर्थ्याचा. १९८६ साली अमेरिकेत अनिता रॉबर्ट्स, मायकेल स्पोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या त्वचेखाली हे प्रथिन टोचले. दोन-तीन दिवसांतच तेथे व्रणाची ऊती उभी राहिली. तिसरा पुरावा सर्वांत मोलाचा; तो म्हणजे आरोपीस दूर केल्यावर काय घडते याचा. पित्तनलिका बांधून टाकलेल्या घुशीच्या जातीच्या प्राण्यांत या प्रथिनाचा मार्ग अडविला असता व्रण कमी झाले, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

पुरावा भक्कम आहे, पण पूर्ण नाही. प्रयोगशाळेत दोऱ्याने बांधलेली नलिका म्हणजे गर्भात किंवा जन्मानंतर आपोआप बुजलेली नलिका नव्हे. आणि आजारी बालकात हे प्रथिन अडवून व्रण थांबल्याचे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. म्हणूनच जबाबदार शास्त्रज्ञ 'हे प्रथिन व्रणास हातभार लावीत असावे' अशी सावध भाषा वापरतात. लोकांना ही भाषा मिळमिळीत वाटते. आम्हांस ती सचोटीची वाटते. जेवढा पुरावा तेवढेच विधान, हा नियम कोर्टात पाळला जात असता तर आमच्या निम्म्या अपिलांचे कारणच उरले नसते.

आणि हातभार म्हणजे मूळ नव्हे. नलिका प्रथम का बुजली, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. एखादा विषाणू, बालकाची स्वतःचीच बिथरलेली प्रतिकारशक्ती, गर्भातील घडणीचा दोष, अशा अनेकांवर संशय आहे. ऑस्ट्रेलियात दुष्काळाच्या वर्षांत एक विशिष्ट रानटी वनस्पती खाल्लेल्या मेंढ्यांना असाच रोग असलेली कोकरे झाली. त्या वनस्पतीतील विषद्रव्य २०१५ साली वेगळे करण्यात आले. पण त्या वनस्पतीचा माणसाच्या आहाराशी संबंध नाही. तेव्हा माणसाच्या मुलाबाबत तो धागा दिशा दाखवितो, मुक्कामास पोहोचवीत नाही.

मूळ सापडले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण मात्र आपल्याच घरचे आहे. 'भारतीय बालयकृतविकार' या नावाचा एक रोग एकेकाळी आपल्याकडे पुष्कळ मुलांचा बळी घेत असे. एक-दोन वर्षांचे मूल चिडचिडे होई, यकृत दगडासारखे कठीण होई आणि काही महिन्यांत सारे आटोपे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतांत साठलेल्या अतोनात तांब्याचा माग काढला आणि तो थेट स्वयंपाकघरात पोहोचला. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले, साठविलेले वरचे दूध तान्ह्या मुलांस पाजले जात होते. त्या दुधातून तांबे पोटात जात होते. हा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला. अंगावरचे दूध पाजण्याचा प्रचार झाला, घरोघरी स्टीलची भांडी आली आणि तो रोग आता क्वचितच दिसतो. वेळेवर आलेल्या काही मुलांना तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध दिल्यावर त्यांची यकृते सावरलीही. इजेचे कारण दूर झाले म्हणजे व्रणाचा हुकूम सैल पडू शकतो, ही आशा त्या मुलांनी आपणांस दिली आहे.

ज्या रोगात असे पितळी भांडे हाती लागलेले नाही, तेथे मग त्या हुकुमावरच घाला का घालू नये? संशोधक त्याच मार्गावर आहेत. पण मार्ग निसरडा आहे. हे प्रथिन केवळ व्रणकर्ते नाही. १९९२ साली शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचा मुख्य प्रकार मुळातच नसलेले उंदीर तयार केले. ते उंदीर जन्मले, पण तीन-चार आठवड्यांतच अंगभर पेटलेल्या दाहाने मेले. जो संदेशवाहक यकृतात भिंती बांधवितो, तोच शरीराच्या प्रतिकारशक्तीस आवर घालतो आणि अनेक पेशींच्या बेसुमार वाढीसही अडवितो. त्यास सरसकट हद्दपार केले तर शरीरात बंडाळी माजेल. तेव्हा विचार आता असा चालतो की हुकूम देणाऱ्यास न मारता जेथे लखोटा चुकीचा फुटतो तेवढे ठिकाण आवरावे. ते साधेल तेव्हा साधो. आज दवाखान्यात त्या मुलांस देता येईल असे हे औषध नाही.

आज हाती आहे ती शस्त्रक्रिया, आणि तिचा सारा भर वेळेवर आहे. जपानमधील सेंदाईचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५५ साली आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडून पित्तास नवी वाट करून दिली. मूल साठ दिवसांचे होण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते. जसजसा उशीर होतो तसतशी व्रणांची भिंत चढत जाते आणि यश दुरावते. साठ दिवसांनंतर दार एकदम बंद होते असे नव्हे, परंतु आमच्या मुदतीच्या कायद्यात विलंबमाफीचा जो अर्ज असतो, तो येथे कोणापुढे करता येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या अनेक मुलांनाही पुढे यकृत बदलावे लागतेच. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावर पहिले यकृतरोपण केले, ते याच रोगाने पीडित तीन वर्षांच्या मुलावर. ते मूल वाचले नाही. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९९८ साली, दिल्लीत वीस महिन्यांच्या बालकास त्याच्या पित्याच्या यकृताचा भाग देण्यात आला. त्याचाही रोग हाच होता. तो वाचला आणि मोठेपणी स्वतः डॉक्टर झाला.

आमच्या अशिलांच्या नातीचे काय झाले, हे सांगणे प्राप्त आहे. शस्त्रक्रिया झाली, पण पित्त पुरते वाहिले नाही. पुढे आईने आपल्या यकृताचा भाग दिला. आज ती मुलगी शाळेत जाते आणि रोज वेळेवर गोळ्या घेते. त्या गोळ्यांचा आणि शस्त्रक्रियेच्या कर्जाचा भार ते घर अजून वाहत आहे. फिर्याद दाखल झाली नाही. ती लढविण्यास त्या घरात कोणाजवळ बळच उरले नव्हते. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे आमचे आजचे उत्तर असे : नलिका बुजली यात तुमचा, सुनेचा, कोणाचाच गुन्हा नाही. व्रण बांधणाऱ्या प्रथिनाचाही नाही. ते मिळालेल्या वर्दीप्रमाणे चालले. गेले ते दिवस मात्र माणसांच्या हातचे होते.

ते दिवस कोठे जातात, हे आपल्या चालीरीतींकडे पाहिले की ध्यानात येते. बाळ-बाळंतीण सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत असतात. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पिवळे अंग दिसत नाही, आणि साठ दिवसांतले चाळीस तेथेच सरतात. उरलेल्या विसांत चुन्याच्या पाण्याने हात धुऊन काविळ 'उतरविली' जाते, माळ वाढली म्हणून समाधान मानले जाते. एरवी जन्मानंतरची काविळ निम्म्याहून अधिक मुलांना होते आणि बहुतेकांची आपोआप जाते, हेही खरे. म्हणूनच तर फसगत होते. पण पूर्ण दिवसांच्या बाळाची काविळ चौदा दिवसांनंतरही टिकली, तर रक्त तपासून ती कोणत्या जातीची हे पाहिलेच पाहिजे, असा वैद्यकाचा दंडक आहे.

आणि ज्या चालीरीतींत दिवस हरवतात, त्यांतच ते वाचविण्याचे साधनही आहे. तैवानने २००४ पासून प्रत्येक नवजात बालकाच्या आरोग्यपुस्तिकेत शौचाच्या रंगांचे एक चित्रपत्रक घातले; आईने लंगोट बदलताना रंग ताडून पाहावा, फिका दिसला तर लगेच कळवावे. एवढ्याशा कागदाने साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या मुलांचे प्रमाण तेथे वाढले. आपल्या घरांतील आज्या आणि सुईणी तर हे काम कोणत्याही पत्रकाविना पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. बाळाची शी हिरवी की पिवळी, फेसाळ की घट्ट, यावरून त्या सुंठ-वेखंडाची मात्रा ठरवीत. त्यांच्या त्या यादीत आणखी एका रंगाची भर घातली पाहिजे : पांढरट शी दिसली तर मात्रा नाही, माळ नाही, उद्या नाही, त्याच दिवशी मोठे रुग्णालय.

बारसे बाराव्या दिवशी असते आणि तपासणीचा दिवस चौदावा. तेव्हा पाळण्याभोवती जमलेल्या आत्या-मावश्यांनी बाळाचे नाव कानात सांगून झाले की त्यास क्षणभर खिडकीच्या उजेडात धरावे, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना हे पाहावे आणि आईला लंगोटाचा रंग विचारावा. या गोष्टीस खर्च नाही, शिक्षण लागत नाही आणि मुहूर्तही ठरलेलाच आहे.